विश्लेषण : टोमॅटोचा भाव होता तिथेच, मग सरासरी वाढ ३९ टक्के कशी? स्प्रेडशीटमधले 'जिओमीन' काय सांगते?

जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव निघत होता. त्याआधी मे महिन्यात राज्यात अनेक ठिकाणी शेतकरी किलोला तीन-चार रुपयांच्या भावाने हवालदिल होते आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत भाव पुन्हा कोसळला. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत टोमॅटो, कांदा, बटाटा पिकवणाऱ्यांना हे हेलकावे नवे नाहीत. नवी आहे ती हिशेबाची वही, कारण ती आता मोबाइलमध्ये आली आहे. आडतदाराने दिलेली पट्टी घरातले कॉलेजला जाणारे पोर स्प्रेडशीटमध्ये भरते, शेजारी 'मागच्या वर्षापेक्षा किती टक्के' असा स्तंभ काढते आणि त्याखाली 'अॅव्हरेज' लावून मोकळे होते.

हिशेब बिघडतो तो इथे. बेरीज बरोबर असते, भागाकार बरोबर असतो, मोबाइलही चुकत नाही. फक्त जी सरासरी काढली ती या कामाची नसते. आणि त्या आकड्यावर विसंबून पुढच्या हंगामाला आणखी दोन एकर खंडाने घ्यायची की नाही, बांबू-तार, मल्चिंग, ठिबकासाठी उचल किती घ्यायची, हे ठरणार असेल तर ही चूक परीक्षेतल्या दोन गुणांची राहत नाही.

चूक नेमकी कुठे होते?

समजण्यासाठी आकडे मुद्दाम सोपे घेऊ. एका शेतकऱ्याला पाच वर्षांत, दर वर्षी त्याच आठवड्यात, टोमॅटोच्या क्रेटला मिळालेला भाव असा आहे: २००, ४००, १००, २५० आणि पुन्हा २०० रुपये. पहिल्या वर्षी २०० आणि पाचव्या वर्षीही २००. म्हणजे चार वर्षांत भाव जिथे होता तिथेच. हे सांगायला गणित लागत नाही.

आता दर वर्षीचा बदल टक्क्यांत लिहू. २००चे ४०० झाले, १०० टक्के वाढ. ४००चे १०० झाले, ७५ टक्के घट. १००चे २५० झाले, १५० टक्के वाढ. २५०चे २०० झाले, २० टक्के घट. या चार आकड्यांची बेरीज अधिक १५५, भागिले चार, सरासरी ३८.७५ टक्के. कागदावर भाव दर वर्षी जवळपास ३९ टक्क्यांनी वाढतो आहे!

खरोखर तसे असते तर २०० रुपयांचा क्रेट चार वर्षांनी साधारण ७४१ रुपयांना गेला असता. गेला २०० रुपयांना.

कारण साधे आहे. वाढीचे टक्के आणि घटीचे टक्के एकाच मापाचे नसतात. वाढीला वर मर्यादा नाही. भाव १०० टक्के, ५०० टक्के, हजार टक्के वाढू शकतो. घट मात्र शंभर टक्क्यांच्या पलीकडे जाऊच शकत नाही. दुप्पट झालेला भाव पूर्वपदावर यायला ५० टक्के घट पुरते, पण बेरजेत १०० आणि उणे ५० धरले की ५० टक्के फुकटचे शिल्लक राहतात. भाव जितका जास्त वरखाली, तितका हा फुकटचा फुगवटा मोठा. म्हणून बँकेच्या ठेवीच्या व्याजात ही चूक दिसतही नाही, आणि टोमॅटोत ती डोंगराएवढी होते.

मग योग्य सरासरी कोणती?

ती शाळेत भेटून गेलेली आहे. दहावीच्या भूमितीत काटकोन त्रिकोणाच्या कर्णावर लंब टाकला की तो कर्णाच्या दोन भागांचा 'भूमितीमध्य' असतो, हे प्रमेय राज्य मंडळाच्या पुस्तकात आहे. चार आणि नऊ यांचा भूमितीमध्य सहा, कारण चार गुणिले नऊ छत्तीस आणि छत्तीसचे वर्गमूळ सहा. दोनच्या जागी चार संख्या असतील तर चौघांचा गुणाकार करून त्याचे चौथे मूळ काढायचे. बेरजेऐवजी गुणाकार, भागाकाराऐवजी मूळ.

भावाच्या बदलाला तीच सरासरी लागते, कारण भाव एकमेकांवर चढत जातात. मागच्या वर्षीच्या भावाला यंदाच्या पटीने गुणले की यंदाचा भाव मिळतो. वरच्या उदाहरणात पटी अशा: २, ०.२५, २.५ आणि ०.८. चौघांचा गुणाकार १ येतो. एकचे चौथे मूळ एकच. म्हणजे दर वर्षी सरासरी एक पट, वाढ शून्य टक्के. जे शेतकऱ्याला खिशात हात घालून कळत होते, तेच.

मोबाइलवर सूत्र कसे लिहायचे?

चौथे मूळ हाताने काढायची गरज नाही. गूगल शीट्स, एक्सेल आणि लिब्रेऑफिस या तिन्हींत त्यासाठी 'जिओमीन' नावाचे फंक्शन तयार आहे. ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहायचे: जी, ई, ओ, एम, ई, ए, एन. लहान-मोठ्या लिपीचा फरक पडत नाही.

'ए' स्तंभात वर्षे आणि 'बी' स्तंभात भाव असतील, पहिल्या ओळीत मथळे असतील, तर पाच भाव बी२ ते बी६ मध्ये बसतात. सी३ मध्ये '=बी३/बी२' लिहून ते सी६ पर्यंत खाली ओढायचे. या झाल्या चार पटी. मग एखाद्या रिकाम्या सेलमध्ये '=जिओमीन(सी३:सी६)-१' लिहून तो सेल टक्क्यांत दाखवायला सांगायचा. शेवटचे उणे एक विसरले तर उत्तर १०० टक्के दिसेल आणि शेजारचा म्हणेल, वा, दुप्पट झाले की!

पाच वर्षांचे भाव असले तरी बदल चारच असतात, हेही लक्षात ठेवावे लागते. 'पाच वर्षांत' असे तोंडाने म्हणता म्हणता पाचने भागणे किंवा पाचवे मूळ काढणे ही फार जुनी खोड आहे. जिओमीनला पटींचा स्तंभ दिला की ती आपोआप टळते, कारण सी२ रिकामाच असतो.

काही वेळा भाव हातात नसतात, नुसते टक्केच असतात. समजा ते डी३ ते डी६ मध्ये आहेत. तेव्हा प्रत्येकात एक मिळवून मगच सरासरी घ्यायची. गूगल शीट्समध्ये '=अॅरेफॉर्म्युला(जिओमीन(१+डी३:डी६)-१)' असे लिहावे लागते. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत अॅरेफॉर्म्युला हा शब्द लागत नाही. जुन्या आवृत्तीत संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबावे लागते. यात एक खाचखळगा आहे. एखाद्या वर्षी लागवडच केली नाही म्हणून तो सेल रिकामा सोडला, तर साधे जिओमीन रिकामा सेल वगळते, पण एक मिळवलेल्या या सूत्रात तो 'बदल शून्य' म्हणून मोजला जातो. असे वर्ष असेल तर पटींचा स्तंभ काढलेला बरा.

'#नम!' असा लाल शेरा का येतो?

जिओमीनला शून्य आणि ऋण संख्या चालत नाहीत. टक्केवारीचा स्तंभ तसाच उचलून दिला आणि त्यात उणे ७५ असले की फंक्शन हात वर करते. हा शेरा खरे तर उपकारकच, कारण चूक तिथल्या तिथे कळते.

धोका उलट प्रकारात आहे. सगळे टक्के धन असतील तर शेरा येत नाही आणि चुकीचे उत्तर गुपचूप बसते. उदाहरणार्थ, टोमॅटोचा एकरी खर्च चार वर्षांत ८, १२, ५ आणि १० टक्क्यांनी वाढला. हे चार टक्के थेट जिओमीनला दिले तर उत्तर ८.३२ टक्के येते. दिसायला ठीक. पण एक मिळवून काढलेले खरे उत्तर ८.७२ टक्के आहे. साधी सरासरी ८.७५. म्हणजे अशा संथ वाढीत साधी सरासरी खऱ्याच्या जवळ होती आणि चुकीचे वापरलेले जिओमीनच लांब गेले.

शून्याचा प्रश्न वेगळा आणि जास्त बोचरा. माल बाजारात नेला, हमाली आणि गाडीभाडे गेले, भाव न निघाल्याने तो ओतून यावे लागले, त्या दिवसाचा भाव शून्य. जिओमीन तो स्वीकारत नाही. मग मोह होतो ती ओळच पुसून टाकायचा. पुसली की सूत्र चालते, पण हिशेबातून नेमका सर्वात वाईट दिवस नाहीसा होतो. अशा वेळी दिवसाऐवजी आठवड्याचा किंवा पूर्ण तोड्याचा एकूण पैसा भागिले एकूण क्रेट असा भाव काढून तो पुढे न्यावा. शून्याचा दिवस त्यात मोजला जातो आणि आकडा शून्य राहत नाही.

भाव आणि खर्च शेजारी ठेवले तर?

इथे सगळा खटाटोप कामाला येतो. वरच्या दोन उदाहरणांत भावाची वार्षिक वाढ शून्य आणि खर्चाची ८.७२ टक्के. चार वर्षांत खर्च जवळपास १.४ पट झाला, भाव जागेवर. अॅव्हरेज लावलेल्या शीटमध्ये मात्र भाव ३८.७५ टक्के आणि खर्च ८.७५ टक्के असे दिसते. पहिले वाचणारा जमीन खंडाने घ्यायला निघेल, दुसरे वाचणारा आधी हातातल्या एकराचा विचार करेल. दोघांच्या मोबाइलमध्ये आकडे तेच आहेत.

सरकारी महागाईच्या आकड्यात हे वापरतात का?

वापरतात, आणि कारणही टोमॅटोचेच आहे म्हटले तरी चालेल. घाऊक किंमत निर्देशांकाची २०११-१२ हे पायाभूत वर्ष असलेली मालिका मे २०१७ मध्ये आली, तेव्हापासून एकेका वस्तूच्या पातळीवर वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या भावांच्या पटी भूमितीमध्याने एकत्र केल्या जाऊ लागल्या. त्याआधी फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेल्या, २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकातही हीच पद्धत घेतली होती. वरच्या पायरीवर, म्हणजे भाजीपाला, धान्य, इंधन असे गट जोडताना, भार देऊन साधीच सरासरी काढली जाते.

याची गरज का पडली? दोन बाजार घ्या. एकात किलोचा भाव २० वरून ४० झाला, दुसऱ्यात ४० वरून २०. पटी २ आणि ०.५. साधी सरासरी १.२५, म्हणजे २५ टक्के महागाई. पुढच्या महिन्यात दोन्ही बाजार पूर्ववत झाले: ४०चे २० आणि २०चे ४०. पटी पुन्हा ०.५ आणि २, सरासरी पुन्हा १.२५. दोन्ही महिने साखळीने जोडले तर महागाई ५६ टक्क्यांच्या पुढे, आणि दोन्ही बाजारांत भाव मात्र मूळचेच. भूमितीमध्य दोन्ही वेळा १ सांगतो.

ही युक्ती नवी नाही. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात सोने सापडल्यावर सोन्याचे मोल किती घसरले, हे मोजताना विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६३ मध्ये वस्तूंच्या भावपटींचा भूमितीमध्य घेतला होता. निर्देशांकाच्या या प्रकाराला आजही त्याचेच नाव आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकातही २०१० पासून आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न यांचा भूमितीमध्य घेतात, जेणेकरून एका बाबतीतली दैना दुसऱ्या बाबतीतल्या श्रीमंतीने झाकली जाऊ नये. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतला 'सीएजीआर' हाही याच घराण्यातला.

कुठे वापरायचे नाही?

जिओमीन कळले की ते सगळीकडे लावायची हौस येते. ती आवरायला हवी. शेतकऱ्याला सर्वात जास्त वेळा पडणारा प्रश्न 'मला सरासरी भाव काय मिळाला' हा असतो आणि त्याला जिओमीन चालत नाही.

पहिल्या तोड्याचे १० क्रेट ६०० रुपयांनी गेले आणि नंतरचे १९० क्रेट १०० रुपयांनी. दोन भावांची साधी सरासरी ३५० रुपये. भूमितीमध्य साधारण २४५ रुपये. खरे मिळालेले पैसे २५ हजार, क्रेट २००, म्हणजे क्रेटला १२५ रुपये. दोन्ही सरासऱ्या सपशेल चुकीच्या. इथे भाव आणि क्रेट यांचे गुणाकार करून बेरीज देणारे 'समप्रॉडक्ट' हे फंक्शन घ्यायचे आणि त्याला क्रेटच्या 'सम'ने भागायचे. बाजारातल्या 'आज उच्चांकी भाव' या बातमीत नेमके किती क्रेट त्या भावाने गेले, हे सहसा नसते, ते याच हिशेबातून कळते.

आंबेगावातल्या सातगाव पठारावरच्या बटाट्याचेही तसेच. बियाण्याच्या एका पिशवीमागे किती पिशव्या निघाल्या, अशी उत्पादनाची पट काढली, तर ती पट आहे म्हणून जिओमीन लावावेसे वाटेल. पण एका वावरातला उतारा दुसऱ्या वावराच्या उताऱ्याने गुणला जात नाही. एकूण निघालेल्या पिशव्या भागिले एकूण लावलेल्या पिशव्या, एवढेच बरोबर. एकावर एक चढत जाणाऱ्या पटी असतील तिथे जिओमीन. शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या पटींना नव्हे.

गावच्या पाणी योजनेशी याचा काय संबंध?

थोडे विषयांतर, पण ग्रामसभेत उपयोगी. नळपाणी योजना आखताना ३० वर्षांनंतरची लोकसंख्या धरावी लागते आणि ती काढायच्या ठरलेल्या पद्धतींपैकी एक 'भूमितीय वाढ' ही आहे. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ मध्ये ५५,३२,५३२ होती, २००१ मध्ये ७२,३२,५५५ आणि २०११ मध्ये ९४,२९,४०८. दोन दशकांच्या पटी साधारण १.३०७ आणि १.३०४. जिओमीन १.३०५५, म्हणजे दशकाला साडेतीस टक्के. याला दहाने भागून 'वर्षाला तीन टक्के' म्हणणे चूक. दहावे मूळ काढले की वर्षाला २.७ टक्के येतात.

त्याहून मोठी चूक म्हणजे हा जिल्ह्याचा दर जुन्नर-आंबेगावच्या गावाला लावणे. जिल्ह्याची वाढ प्रामुख्याने पुणे आणि पिंपरी-चिंचवडची आहे. या दोन तालुक्यांची वाढ तिच्या कितीतरी खाली आहे आणि पश्चिमेकडच्या डोंगरी गावांतून तर माणसे कामासाठी बाहेर जातात. सूत्र बरोबर आणि दर परगावचा, तर टाकी गरजेपेक्षा मोठी आणि तिचे वीजबिल गावाच्या माथी.

जिओमीनही फसवू शकते का?

हो, आणि ते सहज दिसत नाही. पटींचा गुणाकार केला की मधले सगळे भाव एकमेकांना काटतात. उरतो फक्त शेवटचा भाव भागिले पहिला भाव. वरच्या उदाहरणात ४००, १०० आणि २५० या तिन्हींच्या जागी कुठलेही आकडे घातले तरी उत्तर शून्य टक्केच येईल. म्हणजे वाढीचा सरासरी दर पूर्णपणे दोन टोकांवर उभा आहे.

त्या शेतकऱ्याच्या शीटमध्ये पाचव्या वर्षी २०० ऐवजी जुलै २०२३ सारखा २,००० रुपयांचा भाव पडला, तर हेच फंक्शन 'दर वर्षी जवळपास ७८ टक्के वाढ' सांगेल. गणित अचूक, आणि तरी त्यावर कर्ज काढू नये असे. त्याच जुलैपासून मोजायला सुरुवात केली आणि दोन महिन्यांनी भाव १०० वर आला असे धरले, तर महिन्याला साधारण ७८ टक्के घट निघेल. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या वर्षाचा भाव एका दिवसाच्या पट्टीवरून न घेता पूर्ण हंगामाचा घ्यावा, म्हणजे एकूण पैसा भागिले एकूण क्रेट. शिवाय सुरुवातीचे वर्ष एकेक पुढे सरकवून तीन-चार वेळा दर काढून पाहावा. प्रत्येक वेळी वेगळाच आकडा येत असेल, आणि टोमॅटोत तो बहुधा येतोच, तर 'सरासरी वाढ' या रकान्याशेजारी पाच वर्षांतला सर्वात कमी हंगामी भाव लिहून ठेवावा आणि खंडाचा, उचलीचा हिशेब त्या भावावर करून पाहावा.